सुई न टोचणारा फोन

होसोप भावोजींना गुमीहून मिरानवहिनीचा नमस्कार.

प्रकृती उत्तम असेलच. तुमच्या चॅनेलवरच्या परवाच्या व्हिडिओत गाल वर आलेले दिसले, आणि डोळ्यांखाली पावडर लावली होतीत तीही दिसली. इकडे सर्व खुशाल असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते, पुढचं वाचून झालं की तेवढं खोडून टाका. पत्र बघून दचकू नका. दिवसभर फोनबद्दल बोलणारा माणूस घरचा फोन उचलत नाही, तर वहिनीने करायचं काय? पोस्टात पाकीट आणायला गेले, तर तिथल्या बाईने दोनदा विचारलं, खरंच पत्रच आहे ना?

विषय मामंजींच्या डाव्या पायाचा आहे. पण त्याची सुरुवात तुमच्यापासून होते, तेव्हा नीट बसून वाचा. दोन वर्षांपूर्वी तुम्ही कॅमेऱ्यासमोर हात चोळत सांगितलंत, की येत्या सिरीजमधला मोठा फोन रक्तातली साखर नुसत्या उजेडाने मोजणार. बोट टेकवायचं, सुई नाही, रक्त नाही. (आतल्या माणसाने सांगितलंय, असंही म्हणालात. तुमचा आतला माणूस मला ठाऊक आहे, तो तुमच्या खालच्या मजल्यावर कोंबडी तळतो.) मामंजींनी त्याच दुपारी साखर मोजायचं यंत्र फडक्यात गुंडाळून किमचीच्या फ्रिजमध्ये तळाशी घातलं. नवीन येतंय तर जुन्याने कशाला टोचून घ्यायचं, म्हणाले. फोन आला. त्याची घडी होते, तो पाण्यात बुडत नाही, फोटोतली नको ती माणसं पुसून टाकतो. साखर तेवढी मोजत नाही. तुम्ही म्हणालात, तयार आहे, पण कंपनीने राखून ठेवलंय, पुढच्या सिरीजला नक्की. मामंजींनी मान डोलावली. आयुष्यभर त्यांनी फोनच्या कारखान्यात सरकत्या पट्ट्यावर उभं राहून स्क्रू बसवले. "माल तयार असतो गं, वरचे सोडत नाहीत," असं उलट मलाच समजावलं. पुढची सिरीजही आली नि गेली. आता तिसरीची वाट बघणं चालू आहे. तुम्ही सांगितलेलं सगळं त्यांना तोंडपाठ आहे: पातळ कडा, तीन दिवस पुरणारी बॅटरी, डोंगरातसुद्धा थेट आकाशातून रेंज, आणि शेवटी साखर. तुम्ही साखर नेहमी शेवटी ठेवता, म्हणजे माणूस जाहिरातींसकट सगळं बघतो.

नुसती वाट बघत बसतील ते मामंजी कसले! आहे त्याच फोनच्या कॅमेऱ्यावर रोज सकाळी बोट दाबून, डोळे मिटून बसायचे आणि मग आकडा जाहीर करायचे, आज एकशेदहा. आकडा कुठून आला म्हणून विचारलं, तर म्हणाले, "अंदाज येतो माणसाला. होसोपला नाही का येत?" कप्पाळ! पुढे हे प्रकरण म्हाताऱ्यांच्या क्लबात पोचलं. तिथे रांग लागायला लागली. प्रत्येकाने बोट टेकवायचं आणि मामंजींनी आकडा सांगायचा. कुणाचाही वाईट आकडा कधी सांगितला नाही हो, मन मोठं आहे त्यांचं. बोंगनाम आजीला पंच्याण्णव सांगितला. तिने त्या आनंदात तांदळाच्या गोड तोकची अख्खी बशी संपवली आणि टेबलाखाली घसरली. अँब्युलन्स आली. शुद्धीवर आल्यावर आजी काय म्हणाली असेल? "यंत्र नवीन आहे, रुळायला वेळ लागेल."

इथवर हसला असाल तर आता पुरे करा. थंडीत मामंजी विजेवर तापणाऱ्या गादीवर झोपतात. एका सकाळी अंगठा आणि शेजारचं बोट भाजून फोड आले, आणि यांना पत्ताच नाही, कारण पायाला काही कळेनासंच झालंय. फोड त्यांनी मोज्यात लपवला आणि वर कॉफीच्या गोड पुड्या चालूच ठेवल्या. सासूबाईंच्या श्राद्धाला पाटासमोर वाकले ते उठलेच नाहीत. तुमच्या दादांनी धरून बसवलं. मी मोजा काढायला गेले, तर मोज्याबरोबर कातडी आली. मी परसात जाऊन ओकले, चूळ भरली आणि परत येऊन नैवेद्याची भांडी आवरली. तुम्ही त्या दिवशी फुलं पाठवली होतीत, छान होती.

इस्पितळातली डॉक्टर कोवळी पोर आहे. तिने सरळ सांगितलं, दोन बोटं काळी पडली आहेत, आत्ता काढली तर तेवढ्यावर भागेल, थांबलात तर घोट्यापासून पाय जाईल. मामंजींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, नवीन सिरीज महिन्याभरात येतेय, तीत मोजून बघू, मग ठरवू. वर खिशातून फोन काढून तिला तुमचा व्हिडिओ लावून दिला. बिचारीने शेवटपर्यंत बघितला. मग विचारलं, हे डॉक्टर आहेत का? मामंजी म्हणाले, "छे, हा त्याच्या पुढचं सांगतो." ती माझ्याकडे बघायला लागली, मी फरशीकडे बघितलं, तुमचे दादा खिडकीबाहेर बघत होते. (तुमच्या घराण्यातलं सगळं बोलणं तुमच्या एकट्याच्या वाट्याला आलंय.) ऑपरेशनच्या कागदावर सही काही झाली नाही. रोज ड्रेसिंग मी करते. नाकाला फडकं बांधते आणि त्यांना सांगते, सर्दी झालीय.

असो. किमचीचा डबा वेगळा पाठवलाय, उन्हात ठेवू नका. जेवणाची हेळसांड करू नका.

तुमची वहिनी,
मिरान

ता. क. आता खरं काम. पत्र मिळेल त्याच दिवशी एक व्हिडिओ करा आणि सरळ सांगा, की साखर मोजणारा फोन येत नाही, कधी येईल ते मला माहीत नाही, मी थापा मारत होतो. बघणारे कमी होतील, होऊ देत. डॉक्टर पुढच्या शुक्रवारपलीकडे थांबायला तयार नाही. माझं मामंजी ऐकत नाहीत, दादांचं नाही, डॉक्टरचं नाही. तुमचं ऐकतील.

आणखी ता. क. वरचं राहू द्या, व्हिडिओ करू नका. पाकीट चिकटवणार एवढ्यात माझाच तोल गेला आणि मी मामंजींना तोंडावर सांगून टाकलं, की असा फोनबिन काही येत नाही. ते म्हणाले, "मला माहीत नाही का? जन्म पट्ट्यावर गेला माझा, असला भाग कधी डोळ्यांनी बघितला नाही." मग दोन वर्षं हे काय मांडलंय, मी विचारलं. ते बंद टीव्हीकडे बघत म्हणाले, "तो म्हणाला होता ना, हा फोन निघाला की पहिला मी स्वतः गुमीला घेऊन येईन, बाबांचं बोट मीच टेकवीन. फोन येणार नाही म्हटलं, की तोही येणार नाही." भावोजी, तो व्हिडिओ मीही बघितला होता. ते वाक्य माझ्या लक्षातसुद्धा राहिलं नव्हतं.

शेवटचं. सही झाली. मी त्यांना सांगितलं, होसोप भावोजी गुरुवारी येताहेत, फोनशिवायच येताहेत, दुपारच्या गाडीचं तिकीटही काढलंय. त्यांनी लगेच पेन मागितलं. तुम्हाला विचारलेलं नाही, मला कुणी कळवलेलं नाही, तरी छातीठोक सांगून मोकळी झाले. तुम्ही कसं करता ते आज कळलं, फार सोपं आहे. गुरुवारी ते दिवसभर दाराकडे तोंड करून बसतील.