एकच खुर्ची

हिगाशी-कसाई, टोकियो, मंगळवार, १२ मे, संध्याकाळ

इंग्लंडच्या यादवी युद्धातल्या एका उमरावाचं चरित्र आज वाचून संपलं. शत्रूला ठाणं मिळू नये म्हणून राजाच्या हुकमावरून त्यानं स्वतःचं राहतं घर पेटवलं. पेटवण्याआधी आतून काय बाहेर काढलं, ते मात्र कुठेच लिहिलेलं नाही. दोनदा मागे जाऊन पाहिलं. काहीतरी काढलं असेलच ना?

उद्या सकाळी मोठा कचरा न्यायला गाडी येणार; आधी पैसे भरून घेतलेला स्टिकर ज्या वस्तूवर असेल, तीच नेतात. बाल्कनीतल्या दोन वेताच्या खुर्च्यांपैकी ह्यांची द्यायची ठरलीय. मीच हो म्हटलं होतं. हे जाऊन तीन वर्षं झाली, घर लहान, सुनेचं काही चुकत नाही. तरी दुपारभर डोक्यात तेच, काय काढलं असेल त्यानं?

"आई, कचऱ्याचा स्टिकर चिकटवलात का?" सुनेनं ऑफिसातून येताच विचारलं.

"चिकटवला. दारापाशी ठेवलीय."

"अहो, ही तर तुमची खुर्ची!"

"पावतीवर एक खुर्ची लिहिलंय ना? ही एकच आहे."

ती हसली, मग वाकून स्टिकरची कड नखानं उचलून पाहिली. "हा स्टिकर आता निघायचा नाही, आई."

"माहितीय."

हे सगळं ह्यांच्या खुर्चीत बसून लिहितेय. हिचे हात जरा उंच आहेत, कोपर अवघडतं. होईल सवय.