बासष्ट मिलिमीटरचं तोंड

प्रिय धाकट्या,

बाबांनी माझं डोकं पार उठवलंय. सकाळी वर्कशॉपचं शटर उघडायला जावं तर हे आधीच दारात, हातात मापाची पट्टी घेऊन उभे. लोकांच्या टाक्या न् धुराडी खोळंबलीत, आणि मी वळत बसलेय यांच्या घरगुती जेट इंजिनाचं नॉझल! एक नाही, सहा केली या महिन्यात. स्टीलचा पत्रा कापा, शंकूसारखा वळवा, सांधा वेल्ड करा, घासा, की हे चष्मा कपाळावर सरकवून म्हणणार, "पोरी, गोलाई चुकली." चौथं तर मी त्यांच्यादेखत भंगारात भिरकावलं. तासाभराने पाहते तर पुसूनबिसून परत माझ्या टेबलावर! सत्तरी उलटली, पण हट्ट तान्ह्या पोराचा.

तू गेल्यापासून तीन वर्षं त्या इंजिनावर गोणपाट होतं. ट्रकचा टर्बो लावून तुम्ही दोघांनी ते उभं केलंत, पहिल्याच चाचणीत आतली पाती लालबुंद होऊन जळाली, आणि बाबा सगळ्या गल्लीसमोर तुला म्हणाले, "इंजिनिअर म्हणे! साधं गणित जमत नाही." तूही काही कमी नाहीस. बॅग भरलीस ती भरलीसच. आता कुठून तरी दुसरा टर्बो पैदा केला त्यांनी, आणि माझ्यामागे शुक्लकाष्ठ लागलं.

सोमवारी सहावं नॉझल बसवलं. तुझ्याच जुन्या कागदावरचं माप, गरम हवा बाहेर पडायचं मागचं तोंड बासष्ट मिलिमीटर. इंजिन चार मिनिटं चाललं रे! शेजारच्या काचा थरथरल्या, समोरची शिंपीण कानांवर हात ठेवून ओरडत आली, आणि तापमानाचा काटा लाल रेषेच्या कितीतरी खाली. बाबा आधी हसले, मग त्यांनी तुझा कागद पुन्हा उचलला. "गणित तर त्याचंच आहे," म्हणाले. "मग तेव्हा काय झालं?"

तेव्हाचं नॉझल मी केलं होतं. खूण चुकली, तोंड अठ्ठावन्नचं झालं. पत्रा संपला होता, तुम्ही दोघं घाई करत होतात. म्हटलं, चार मिलिमीटरनं काय बिघडतंय! गरम हवा आत कोंडली, पाती जळाली. बोलणी तू खाल्लीस आणि मी मिठाची गुळणी धरून बसले. तीन वर्षं.

मंगळवारी बाबांना सांगितलं. वाटलं, ओरडतील. त्यांनी फक्त फोन उचलला, तुझा नंबर लावला, आणि पहिली रिंग वाजताच कापला. तो मिस्ड कॉल त्यांचा होता. फोनवर मला हे बोलवलं नसतं, म्हणून लिहितेय. राग माझ्यावर काढ, मी ऐकून घेईन. पण त्यांना फोन कर. दोन दिवस झाले, जेवतानासुद्धा फोन मांडीवर घेऊन बसतात.

तुझीच चुकलेली,
ताई