मुरणं आणि कोंडणं

पडेगाव, छत्रपती संभाजीनगर
१२ जानेवारी २०२५

ती. आई,

पाया पडते. तुझे गुडघे कसे आहेत? हुरडा पोचला. सासूबाईंनी शेजारीही वाटला.

फोन सोडून पत्र कशाला, म्हणशील. इथं माझा फोन हॉलमध्ये स्पीकरवर असतो, तुला ठाऊक आहे. आपले बन्सीकाका दुकानाचा माल घ्यायला परवा करमाडहून क्रांती चौकात येतील, तेव्हा त्यांच्या हाती देईन.

माझं काम तू विचारतेस आणि मी ‘कंप्युटरचं’ म्हणून टाळते. आज सांगते. कारखान्यांच्या धुरातला कार्बन वायू जमिनीत पुरायचा, तर तो कुठल्या खडकात राहील, हे मी बघते. करमाडच्या आपल्या विहिरीत लागला तोच काळा पाषाण पश्चिमेच्या समुद्रतळाखालीही आहे. वायू नुसता कोंडला तर फट शोधत वर येतो. पण पाण्यात विरघळून खडकात मुरला, तर हळूहळू त्याचाच दगड होतो आणि मग भीती नाही. मुरेल की कोंडेल, एवढंच मी सहा वर्षं खोलीत बसून पडद्यावरच्या रेघांना विचारतेय. समुद्र मी पाहिलाय तो लग्नानंतर अलिबागला, घोट्यापर्यंत.

लग्नानंतर मी रडत आले, तेव्हा तू म्हणालीस, “मुरावं लागतं बाई. लोणचं काय एका दिसात मुरतं व्हय?” मी ऐकलं. इथली माणसं वाईट नाहीत गं. पण नोकरी घरूनच, बाहेर जायचं तर सोबत कुणी हवं, असं होत होत मी आता खिडकीसुद्धा विचारून उघडते.

गेल्या महिन्यात ऑफिसनं मला जहाजावर बोलावलं. महिनाभरासाठी. समुद्रतळाला भोक पाडून तो खडक वर काढणार, आणि तो हातात घेऊन तपासणार मी! शिवराज ‘जा’ म्हणाले. सासूबाईही कुरकुरत का होईना, तयार झाल्या. आणि बुधवारी दोघंही फिरले. मी विचारलं तर शिवराज खाली बघत म्हणाले, “तुझ्या माहेरूनच नको म्हणतेत, मग मी काय करू?”

आई, तू फोन केला होतास. मघापासून हेच लिहायचं टाळतेय. सासूबाईंनी तुझे शब्द जसेच्या तसे सांगितले: “एवढ्या बाप्यांत एकटी पोर. पाठवू नका, विहीणबाई.”

तू घाबरलीस, हे कळतं. पण मला तुझा फार राग आलाय. या घराचं दार कधी कुणी लावलं नव्हतं, नुसतं ओढून घेतलेलं असायचं. बाहेरून कडी तू घातलीस.

मी ऑफिसला ‘येते’ म्हणून कळवलंय. घरात अजून बोललेले नाही, छाती होत नाही. जहाज पुढच्या सोमवारी, वीस तारखेला सुटतं. त्याआधी सासूबाईंना तुझा एक फोन येऊ दे. स्पीकर चालू असेल, मी हॉलमध्येच असेन. नाही आला तरी निघेन. पण मग परतल्यावर करमाडला कोणत्या तोंडानं येऊ, ते तूच सांग.

गुडघ्यांना तेल लावत जा.

तुझी, अजून न मुरलेली,
संस्कृती