आबांची प्रार्थना आणि महाबळेश्वरचा सूर्यास्त

शिरूर, मे १९६२

प्रिय विल्यमआप्पा यांस,

धाकट्या नथानिएलचा प्रभूच्या नावात सलाम. तुमचा गुडघा आता कसा आहे? वैनींचा दमा उन्हाळ्यात बरा असतो, तेव्हा तो बराच आहे असं धरून चालतो. इकडे सगळे खुशाल आहोत. (ही खुशाली प्रकृतीपुरतीच समजावी.)

महाबळेश्वर कसं झालं म्हणून तुम्ही विचारलंत. तुमच्या दौंडच्या दयाबाईंनी त्यांच्या जॉर्जसाठी आमची ग्लॅडिस पाहिली होती, पण शब्द दिला नव्हता. "चार दिस संगं ऱ्हाऊ, मग बघू. चहाच्या कपापुढं समदीच गोड वागत्यात," असं त्यांचं म्हणणं. राहायचं ते महाबळेश्वरलाच, कारण त्यांचे देवाघरी गेलेले यजमान रेल्वेत ड्रायव्हर होते आणि तिथला सूर्यास्त दाखवीन म्हणून बायकोला कबूल करून बसले होते. जन्मभर लोकांना इकडून तिकडे पोचवलं, पण स्वतःच्या बायकोला न्यायचं तेवढं राहून गेलं. मग ओळखीच्या पाद्रीसाहेबांच्या बंगल्यामागच्या दोन खोल्या मिळवल्या आणि दोन्ही घरं निघालो. आमच्याकडून मी, हन्ना, ग्लॅडिस आणि आबा.

आता आबांना न्यायला नको होतं असं तुम्ही म्हणाल, पण वडिलांना घरी ठेवून मुलीचं लग्न ठरवायला जायचं कसं? निमोण्याच्या मंडळीत इतकी वर्षं उपदेशक म्हणून काढल्यामुळे प्रार्थनेशिवाय ते कशालाही हात लावत नाहीत, हे तुम्ही जाणताच. शिवाय प्रार्थनेत कुणी डोळे उघडले तर त्यांना ते मिटल्या डोळ्यांनी कळतं, अशी आपल्या घराण्यात पक्की समजूत आहे. पहिल्या दिवशी वेण्णा तलावावर होडीत पाय ठेवण्याआधी त्यांनी गालीलच्या समुद्रातल्या वादळाची आठवण काढून प्रार्थना केली. ती इतकी मनापासून केली की दयाबाईंनी होडीत बसायचंच रद्द केलं. (होडीवालाही जरा बिचकलेला दिसला.) दुसऱ्या दिवशी घोडे. दयाबाई घोड्यावर चढल्या, आबा म्हणाले "जरा थांबा," आम्ही डोळे मिटले. घोड्याला आपला रिवाज ठाऊक नव्हता. आमेन म्हणून पाहतो तर घोडाही नाही आणि विहीणबाईही नाहीत. (विहीणबाई म्हणायची घाई माझी.) त्या बाजारपेठेच्या टोकाला चणेवाल्यासमोर सापडल्या. "माझ्यासाठीच परार्थना चालली व्हती म्हनं. पर ऐकाया मी व्हते कुठं?" म्हणाल्या. तरी हसत म्हणाल्या, म्हणून आम्हाला आशा होती.

जॉर्ज आणि ग्लॅडिसला मात्र या सगळ्यात एक शब्द बोलायची सोय नव्हती. दोघांच्या मध्ये दयाबाई बसत, आणि त्या उठल्या की हन्ना. पोरगा सारखा झाडं बघत राही आणि पोरगी पायातल्या चपला.

शेवटच्या संध्याकाळी सूर्यास्ताच्या पॉइंटवर गेलो. मुंबईची माणसं, त्यांची मुलं, फुगेवाले, अशी ही गर्दी. आम्हाला कठड्याशी जागा मिळाली. सूर्य तांबडा होऊन खाली यायला लागला तसे दयाबाईंचे डोळे भरून आले. त्यांनीच म्हटलं, "आबा, दोन शब्द बोला. ह्यांची लई विच्छा व्हती." आम्ही सगळ्यांनी माना खाली घातल्या. आबांनी त्यांच्या यजमानांचं नाव घेतलं, तिथून ते सगळ्या ड्रायव्हरांवर आले, मग फायरमन, गार्ड (तुम्ही त्यात आलात), दौंड स्टेशन, शिरूर, निमोणे, नवं राज्य आणि त्याचे मंत्री. आबा तळेगाव ढमढेऱ्याच्या मंडळीसाठी मागत असताना आजूबाजूचे लोक "वा! वा!" म्हणाले. आमेन झालं तेव्हा फुगेवालेसुद्धा निघाले होते. दयाबाई त्या रिकाम्या जागेकडे कितीतरी वेळ पाहत राहिल्या. मग एवढंच म्हणाल्या, "गेला व्हय?" मला फार वाईट वाटलं, आप्पा. आबा म्हणाले, "आता चहा घेऊ," आणि पुन्हा डोळे मिटले.

परतीच्या एस.टी.त बाई खिडकीबाहेर बघत होत्या. पुण्याला उतरून दौंडची गाडी धरली, शब्द काही दिला नाही. हन्ना डाळ निवडता निवडता डोळे पुसते. ग्लॅडिस पोस्टमन आला की तेवढी दारात जाते. आबांची प्रकृती उत्तम आहे.

वैनींना सलाम, मुलांना आशीर्वाद.

तुमचा धाकटा,
नथानिएल

ता. क. खरं काम लिहायचं राहिलंच. रविवारी उपासना सुटल्यावर दयाबाईंना गाठा. आबांच्या वतीने माफी मागू नका, कारण आपलं काही चुकलं हे त्यांना माहीत नाही आणि या वयात कळायला नको. एवढंच सांगा, की सूर्यास्त कसा होता ते जॉर्जला विचारा. त्यानं तो पुरता पाहिलाय, ग्लॅडिसनंही. मंत्र्यांपासून पुढे तो तिला बोटानं दाखवत होता आणि ती हळूच काहीबाही विचारत होती. आईला त्यानं हे सांगितलं नसणार, कारण प्रार्थनेत डोळे उघडे होते हे कोणत्या तोंडानं सांगेल?

ता. क. दुसरा. हे नथानिएलला कसं कळलं, असं बाई विचारतीलच. तेव्हा खरं ते सांगून टाका. मी नुसता खोकलो असतो तरी आबांनी आवरतं घेतलं असतं आणि बाईंना शेवटची कड तरी दिसली असती. मी खोकलो नाही. पोरगी हसत होती, आप्पा. सूर्य काही मीही पाहिला नाही.