दवाखान्याची तपासणी आणि माझी दाढ

३ फेब्रुवारी २००३, सोमवार. हिंगोली.
खालची उजवी दाढ किंचित हलते. दुखते, असे म्हणता येणार नाही. तिचे अस्तित्व जाणवते, इतकेच. भाकरी दुधात कुस्करून खाल्ली. सौ. सत्यभामाबाई म्हणाल्या, "दुखून राहिली तर सांगा ना तसं. काहून लपवता?" दुखणे आणि जाणवणे यांतला भेद मी त्यांना समजावून देऊ लागलो. त्या अर्ध्यावरच उठून गेल्या.
नात मोहिनी हिचे लग्न ९ मार्चला. मंगलाष्टके मी रचली आहेत. आठही शार्दूलविक्रीडितात, एका अक्षराचीही चूक नाही. म्हणणारही मीच. तत्पूर्वी दाढ काढून घेणे इष्ट. उद्याच जातो. भीतीचा प्रश्नच उद्भवत नाही.

४ फेब्रुवारी.
डॉ. संध्या खिल्लारे हिच्या दवाखान्यात गेलो. माझीच विद्यार्थिनी, नववीत असतानाही अनुस्वार जपून देत असे. खुर्चीपर्यंत पोहोचलो. परंतु शेजारी गुळण्यांसाठी स्टीलचा एकच पेला, आणि तोच सर्वांना. जेथे पेल्याची ही अवस्था, तेथे पकडीची काय असेल? उपचार नाकारला. निवृत्त मुख्याध्यापक या नात्याने कागदी पेले आणण्याची सूचना केली. ती "बरं, सर" म्हणाली. परत येताना दाढ अजिबात जाणवली नाही.

११ फेब्रुवारी.
कागदी पेले आले. मला हे अपेक्षित नव्हते. म्हणजे, इतक्या लवकर अपेक्षित नव्हते.
म्हणून निर्जंतुकीकरणाकडे वळलो. कोपऱ्यात कुकरसारखे एक यंत्र आहे. उपकरणे त्यात वाफवतात. किती शिट्ट्या करता, असे विचारले. मदतनीस कमलबाई म्हणाल्या, "याला शिट्टी न्हाई होत, सर. आमी काय डाळ शिजवून राहिलो?" शिट्टी नाही, तर वाफ पुरेशी झाली याचा पुरावा काय? संध्याने उपकरणांच्या पाकिटावरची पट्टी दाखवली. यंत्राने आपले काम केले की तिच्यावर काळ्या रेघा उमटतात. व्यवस्था समाधानकारक. तथापि ही पट्टी प्रत्येक रुग्णास दाखवावी आणि मगच पाकीट फोडावे, असा नियम मी घालून दिला. तो अंगवळणी पडेपर्यंत दाढ काढून घेणे तत्त्वतः योग्य नव्हे.

१५ फेब्रुवारी. सायंकाळ.
नियम अंगवळणी पडला आहे. गोरेगावचा ज्ञानबा शेळ्या विकायला बाजारात आला होता, तो दातासाठी माझ्याआधी बसला. त्याला पट्टी दाखवली, तर म्हणतो, "रेघा पाहिल्या, बाई. आता दात पाहा." थोड्याच वेळात तो गालावर हात ठेवून बाहेर आला आणि मला म्हणाला, "जा मास्तर, लई हलका हात हाय पोरीचा." मी त्याच्या धैर्याचे कौतुक केले.
तेवढ्यात भारनियमन सुरू झाले. विजेवाचून उपकरणे वाफवणार कशी, हा मुद्दा मी तत्काळ उपस्थित केला. यंत्र गॅसवरही चालते म्हणे. हा तपशील संध्याने आधीच सांगायला हवा होता. वादात वेळ गेला, उशीर झाला, घरी आलो.

२० फेब्रुवारी.
पहाटे उत्तम वाक्य सुचले: "रक्तदाब वाढलेला असल्यास रुग्णास खुर्चीवर घेऊ नये." संध्या म्हणाली, तपासतो तर आम्ही नेहमीच, पण वाक्य छान आहे, फळ्यावर लिहू. निळ्या रंगात भिंतीवर लागलेही. लगेच माझा दाब मोजला. एकशे ऐंशी. नियमानुसार मला परत पाठवले. नियमाची पहिली अंमलबजावणी नियमकर्त्यावरच व्हावी, यात एक औचित्य आहे. आनंदाने घरी आलो. वाटेत पेढे घेतले. चावता आले नाहीत.

२५ फेब्रुवारी.
पुन्हा मोजला. पुन्हा वाढलेला. बाहेर पडताच उतरतो, हे त्या यंत्राचे वैगुण्य असावे.
गाल सुजला आहे. संध्याने गोळ्या दिल्या. फार दिवस लांबवू नका, लग्नात तोंड उघडणार नाही, असे तिने स्पष्ट सांगितले. मोहिनी दोनदा विचारून गेली की आजोबा म्हणणार ना. म्हणणार, असे सांगितले. सत्यभामाबाईंनी फोटोवाल्याला एकाच बाजूने फोटो काढायला सांगण्याची तयारी दाखवली. दुर्लक्ष केले.

१ मार्च. महाशिवरात्र.
सपत्नीक औंढ्याला गेलो. दर्शन उत्तम झाले. बाहेर रस्त्याच्या कडेला एक दातवाला गोणपाट अंथरून बसला होता. पुढे काढलेल्या दातांचा ढीग. पकड धोतराला पुसत होता. मला पुढे जाववेना. हातमोजे नाहीत, वाफ नाही, पेला नाही, असे दोष क्रमाने सांगू लागलो. काळ्या रेघांची पट्टी कोठे आहे, असेही विचारले. तो म्हणाला, "हाय ना. बसा, दाखवतो." बसलो. जत्रेचा गलका असल्याने त्याने मोठ्याने बोलण्याची विनंती केली. "आक्षेप" हा शब्द उच्चारण्यासाठी मी तोंड पुरेसे उघडले.
दाढ त्याने माझ्या तळहातावर ठेवली. म्हणाला, "बोलण्यात गुंगलेलं माणूस बरं सापडतं."
पद्धत निषेधार्ह, परिणाम मात्र समाधानकारक. प्रकरण संपले.

२ मार्च. रविवार.
प्रकरण संपलेले नाही. दुखणे तसेच आहे. जाणवणे नव्हे, दुखणे. संध्याने सुटी असूनही दवाखाना उघडला. बराच वेळ पाहत राहिली. मग हळूच म्हणाली, "सर, त्यानं शेजारची काढली. ती चांगली होती." धनुर्वाताचे इंजेक्शन दिले, गोळ्या बदलल्या, बुधवारी बोलावले. कमलबाईंनी विचारले, "रेघा पाहिल्या व्हत्या का, सर?"

५ मार्च. बुधवार.
या वेळी मी मनापासून तयार होतो. रक्तदाब वाढलेला निघाला. आयुष्यात प्रथमच नियमाला अपवाद करण्याची विनंती केली. संध्या भिंतीकडे पाहून म्हणाली, "वाक्य तुमचंच आहे, सर. अन् ते बराबर आहे. जरा बाकावर बसा, शांत व्हा."
बसलो. लग्न चार दिवसांवर. सत्यभामाबाई आणि मोहिनी सोबत आल्या होत्या. सत्यभामाबाईंनी माझा हात हातात घेतला. म्हणाल्या, "तुमची मंगलाष्टकं म्हणा. जीव रमंल." सूज उतरली असल्याने म्हणता येत होते. शेजारी पद्माबाई नावाच्या वृद्धा होत्या. दाढदुखीने दोन रात्री त्यांना झोप नव्हती. तिसऱ्या मंगलाष्टकात त्या घोरू लागल्या. चौथे मी म्हटले. पाचव्याचा प्रारंभ आठवतो.
कमलबाईंनी हलवून जागे केले तेव्हा दंडाला पट्टा होता आणि रक्तदाब उतरलेला होता. लगेच खुर्चीवर घेतले. कागदी पेला होता, पट्टीवर रेघा होत्या. आक्षेप आठवेना. दाढ निघाली, कळलेही नाही.
रविवारपर्यंत म्हणता येईल, असे संध्याने सांगितले. परंतु रिक्षात सत्यभामाबाई आणि मोहिनी यांनी आपसात ठरवले की आठांऐवजी एकच म्हणावे. वऱ्हाड जागे राहिले पाहिजे, असे त्यांचे म्हणणे.
तोंडात कापूस असल्यामुळे हरकत घेता आली नाही.