कोबीच्या पंचवीस ओळी, मोहरीच्या दोन

देवळाली कॅम्पाजवळचा मळा,
११ डिसेंबर १९९८

तीर्थरूप गोटीराम दाजींना रंगनाथचा साष्टांग नमस्कार. वणीला थंडी फार असेल. तुमचा गुडघा आणि ताईचा खोकला कसा आहे ते कळवा. इकडे सगळे मजेत. अळ्या सर्वांत मजेत.

तुम्ही कृषी खात्याचे, त्यात या घरचे जावई, म्हणून तुमचा शब्द खाली पडू दिला नाही. कोबीच्या दर पंचवीस ओळींमागे मोहरीच्या दोन पेरल्या. (बियाण्यातली वाटीभर मोहरी आईने आधीच फेसून घेतली. भाऊबीजेला डोळे पुसत तुम्ही दोनदा मागून खाल्लेलं मिरचीचं लोणचं, ते तेच.) पतंग मोहरीवर अंडी घालतील, अळ्या तिथेच जेवतील, कोबी वाचेल, मोहरीला मात्र हात लावायचा नाही, हे आईला तुमच्याच शब्दांत समजावलं. ती एवढंच म्हणाली, "जावयबापू शिकलेले हायेत. पण किडीला कोणी पंगत वाढतं का रं?"

अळ्या ठरल्याप्रमाणे मोहरीवर आल्या. पण उभं पीक कुरतडलेलं आईला पाहवेना. रोज सकाळी ती अळ्या सुपात वेचू लागली. मार्गशीर्ष चालू, जीव मारायचा नाही, म्हणून त्या कोबीवर सोडू लागली. (तिच्या मते कोबीला पानं ढीगभर असतात.) मोहरी अशी तरारली की कॅम्पातल्या एका पंजाबी हवालदाराची बायको ती पाहून आत आली आणि भाजीला पाला मागू लागली. मी सांगितलं, "भाभी, ये कीडों के लिए है." आई म्हणाली, "लेकीबाळींच्या तोंडचं काढून किडीला घालतो व्हय?" आणि पदरभर पाला खुडून दिला. दुसऱ्या दिवशी सहा जणी आल्या. आता मोहरीच्या दोनच ओळींना पाला उरला आहे आणि कोबीच्या गड्ड्यातून पलीकडचं दिसतं.

अडचण एवढीच, की वीस तारखेला तुम्ही चाळीस शेतकरी आणि तुमचे साहेब घेऊन हाच प्लॉट दाखवायला येणार. त्यावर तुमची बढती अडली आहे, असं ताईने कळवलं. पण काळजी नसावी. लांबून पाहिलं तर कोबी झकास दिसतो.

तुमचा आज्ञाधारक मेहुणा,
रंगनाथ

ता. क. वणीच्या बाजारातून बिनभोकाचे पंचवीस गड्डे गोणीत घालून, साहेबांच्या तासभर आधी या. कोबीची पुढची ओळ मी उपटून ठेवतो, तिथे ते रोवू.

आणखी एक ता. क. पत्र आईला वाचून दाखवलं. ती म्हणते, गड्डे आणू नका, साहेबाला मोहरीच दाखवू. राहिलेल्या दोन ओळींवर तिने चुलीतली राख भुरभुरली आहे. शोधूनही अळी सापडायची नाही. साहेबांना लोणचं तिखट चालतं का, तेवढं उलट टपाली कळवा.