गाडी अर्धा तास थांबते

नाय आबा, राग गेला नाय. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, मागोमाग हेसुद्धा गेले, तरी नाय गेला. म्हणून आज नातीच्या वहीतलं पान फाडून लिहायला बसलेय. चौथीपर्यंतची शाळा माझी, तीसुद्धा तुमच्या मिठागराच्या वाटेवरची. चुका काढत बसू नका.

अठ्ठ्याण्णव साल. कोकणातली गाडी नवी नवी होती. हे कंपनीत रात्रपाळी करून आले आणि तसेच निघाले, का तर सासऱ्याला चिपळूणपर्यंतचं रान दाखवायचं. तुम्ही पेणहून आदल्या दिवशीच आमच्याकडे, रोह्याला लागून असलेल्या अष्टमी गावात आलेले, पिशवीत नारळ घेऊन. रोह्याला चढल्या चढल्या खिडकी धरलीत. कोलाड गेलं, खिडकीत तुम्हीच. मग डोंगर अंगावर येतात, बोगद्यामागून बोगदे, झाडाझाडांतून पाणी कोसळतंय, वेली डब्याला घासतायत, आणि मला दिसतंय काय, तर तुमचं मुंडासं! "आबा, जरा सरका की." "थांब गो, जन्मभर पांढरं मीठ बघून डोळे गेले. जरा हिरवं बघू दे." मी म्हटलं, "माझे अजून शाबूत हायत, तेवढ्यात मलापण बघू द्या." ऐकलंत, पण सरकलात नाय.

खेडच्या पुढं एका लहानशा स्टेशनात गाडी क्रॉसिंगला थांबली. फलाटाच्या टोकाला शेंदूर फासलेला दगड. तुम्ही उठलात. बांधावरच्या राखणदाराला नारळ दिल्याबिगर मिठागरात खाडीचं पाणी न घेणारा माणूस, परक्या राखणदाराच्या हद्दीतून तसाच कसा जाईल? दारातून ओरडलात, "जावयांना विचार गो, गाडी किती थांबते?" मी आतून ओरडले, "हे म्हणतात, अर्धा तास!" तुमचा नारळ फुटला आणि गाडी सुटली. धोतर सावरत तुम्ही धावताय, हातात नारळाची दोन भकलं, अजून दिसतंय मला.

संध्याकाळी परतताना त्याच फलाटावर बसलेले होतात. हे खाली उतरून हात धरायला आले, तो झटकलात आणि मागच्या डब्यात चढलात. रोह्याहून तडक पेण. मग गावभर एकच, जावयाने म्हाताऱ्याला रानात सोडला! बरं, रागवा, दोन दिवस रागवा. पण सहा वर्षं? दर गणपतीला हे तुमच्या दारात यायचे आणि तुम्ही मागच्या दाराने मिठागरावर. पोरीच्या बारशाला तुमच्यासाठी खुर्ची मांडलेली, ती तशीच उचलून ठेवली. ज्याने झोप मोडून तुम्हाला नेलं, त्याला एकदा तरी विचारायचं होतंत, का रे बाबा असं केलंस? सगळ्या आगरात न्याय करत फिरायचात, घरात हाच न्याय? शेवटी खांदा त्यांनीच दिला तुम्हाला, आणि तेव्हा मागचं दार नव्हतं.

मी रडायला लागले की हे म्हणायचे, "माझ्यावर रागावलाय तेच बरं. तुझ्यावर रागावला तर जाईल कुठं म्हातारा?"

हे पान पेटीत, तुमच्या मुंडाशाखाली ठेवतेय. धाडणार कुठं? पण आबा, हे काय एक म्हणाले नव्हते. तोंडावर टॉवेल टाकून घोरत होते. अर्धा तास माझा होता. मला खिडकी हवी होती.